नऊ दिवसांचा अबोला

हिलाल, तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तुझ्या मशीनवर बदली उभा होता. मी मुद्दाम लवकर गेलो होतो. म्हटलं, एक पाळी तरी तुझी बारा मशीन गप्प दिसतील. कसली दिसतात! बदलीवाला साक्रीकडचा आहे, माणूस वाईट नाही, त्याला तुझं नावही कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी चहाच्या लारीवर त्याने मला विचारलं, आधीचा कारीगर गावी गेला का. मी म्हटलं, हो.

तुझं गाव कुठलं, मुलं किती, सुरतला कधी आलास, हे मी इथे लिहीत बसणार नाही. ते सगळं तुझ्या फोटोखाली छापून आलंय आणि त्यातही जन्मसाल चुकलंय. दोन वर्षांनी तरुण झालास. तुला आवडलं असतं, खिशातला कंगवा काढून आधी भांग नीट केला असतास. मला तुझ्याशी बोलायचंय ते वेगळंच आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलं. खरं तर भांडण झालंच नाही. मी नुसता अबोला धरला, नऊ दिवस, आणि नवव्या दिवशी तू रुळांवर गेलास.

आपल्या धंद्यात अबोला धरायला तोंड बंद ठेवावं लागत नाही, हे बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. भेस्तानच्या त्या कारखान्यात शंभरावर लूम एकदम खडखडतात तेव्हा शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी पोचत नाही. म्हणून आपण हातांनी बोलायचो. अंगठा ओठाला लावला की पाणी. मनगटावर दोन बोटं आपटली की किती वाजले. मिशीला पीळ दिला की सेठ आलाय. एक गाल फुगवला की मॅनेजर, कारण त्याच्या गालात सकाळपासून तंबाखूचा मावा असतो. मला तू खिशाला बोट लावून बोलवायचास, कारण माझ्या खिशात पेन असतं आणि त्यावरून तू आयुष्यभर माझी चेष्टा केलीस. "लूमवर पेनाचं काय काम?" तुझी खूण भांगावर बोट. एकोणीस वर्षं आपण असे बोललो. तुझ्या पोरीचं बाळंतपण, माझ्या घराचे गळके पत्रे, शेवभाजीत खोबरं घालायचं की नाही, सगळं हातांनी. खोबऱ्याचा निकाल अजून लागायचाय, आणि मी माझं मत बदललेलं नाही.

तेव्हा अशा ठिकाणी एखाद्याशी बोलायचं नसलं, तर फक्त त्याच्याकडे बघायचं नाही. बस. एवढं सोपं आहे. मी तेच केलं.

पण त्याच्या आधीचं सांगतो, कारण ते तुझ्या-माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी भर दुपारी पॉवर गेली होती, आठवतंय? पॉवर गेली की कारखान्यात काय होतं ते तुला माहीत आहे. शंभर मशीन एका दमात थांबतात, आणि ती शांतता इतकी अचानक येते की पहिल्यांदा माणूस घाबरतो. मग कुणी खोकतं, कुणी हसतं, आणि सगळे एकदम तोंडाने बोलायला लागतात. ओडिया कारीगर ओडियात, आपण अहिराणीत, मशीन बघणारा मास्टर गुजरातीत. पाच मिनिटं बाजार भरल्यासारखा गलका होतो. त्या दिवशी मीही तुला हाक मारली, चल, बाहेर वाऱ्याला उभं राहू. तू माझ्याकडे पाठ करून ताण्याच्या बीमवरचे तुटलेले धागे बांधत होतास. पुन्हा हाक मारली. मग तू वळलास, मला पाहिलंस, आणि हातांनी विचारलंस, काय झालं, पॉवर गेली का?

सगळा कारखाना तोंडाने बोलत होता आणि तू एकटा हातांनी बोलत होतास.

तुझ्याजवळ आलो, तुझ्या मागे उभा राहिलो आणि खिशातली किल्ली लाद्यांवर टाकली. तू वळला नाहीस. वळलास तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहून तुला कळलं की मला कळलंय. तू मला ओढतच मागच्या अंगणात, कोऱ्या बॉबिनच्या खोक्यांमागे घेऊन गेलास आणि नेहमीसारखा मोठ्याने बोलायला लागलास. मी ओठांवर बोट ठेवलं तेव्हा कुठे आवाज खाली आला.

"सुभाष, मन्हा गळानी आण. कोणलेच सांगू नको."

मी म्हटलं, निदान वहिनीला तरी सांग.

"ती रडी. मंग शेजारनीले सांगी. मंग सेठले कळी."

तुझी भीती खोटी नव्हती. त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या ओळीतल्या एका ओडिया कारीगराला मॅनेजरने अंगणात मागून तीनदा बोलावलं आणि तो वळला नाही. मॅनेजर हसला, म्हणाला, बहरा हो गया क्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या मशीनवर बदली. ना चिठ्ठी, ना नोटीस. आपल्यापैकी कुणाचं नाव कुठल्या रजिस्टरात होतं, की ते काढायला वेळ लागेल? "कल से मत आना" एवढ्या तीन-चार शब्दांवर आपली नोकरी टांगलेली. आणि ज्या मशीनने कान खाल्ले त्याच मशीनवरून कान गेले म्हणून काढतात, याचा राग तुला कधी आला नाही. मला यायचा. तू म्हणायचास, आपलं नशीब, ओठ तरी दिसतात.

ओठ मात्र तू काय वाचायचास! मी चकित व्हायचो. महिनाभरात तू इतका पटाईत झालास की लारीवाल्यालाही पत्ता लागला नाही. वळून उत्तर द्यायचास, मध्येच जोक मारायचास. कधी चुकलास तर "काय म्हणे?" असं रागावून विचारायचास, म्हणजे समोरच्यालाच वाटायचं आपण नीट बोललो नाही. हळूहळू मीही विसरलो. खरं सांगतो, तुझं बहिरेपण मी विसरून गेलो होतो. आज मला सगळ्यात जास्त तेच खातंय.

एकच जागा अशी होती जिथे विसरून चालायचं नाही. नवागामला घरी जायला आपण रूळ ओलांडायचो. पुलावरून गेलं तर वळसा पडतो आणि बारा तास उभं राहिल्यावर पाय वळसा घ्यायला तयार नसतात. पहिल्या दिवशी मी तुझा हात धरला. तू झटकलास. दोन बापे हात धरून चाललेत हे तुला बघवेना. मग तूच तोड काढलीस. तुझ्या डब्याच्या पिशवीचा एक बंद तू धरायचा, एक मी. बघणाऱ्याला वाटावं, पिशवी जड आहे. गाडी येत असली की मी बंद ओढायचो, तू थांबायचास. चार वर्षं त्या रिकाम्या डब्याचं ओझं आपण दोघांनी मिळून वाहिलं, आणि एका बाईने तर आपल्याला विचारलंही, भाऊ, रोज काय आणता हो एवढं?

आता तो वैशाख.

लग्नसराई आली की कारखाना अर्धा रिकामा होतो. ओडिया लोक गावी, आपले धुळे-नंदुरबारकडचे लोक गावी. जो जातो तो आपल्या मशीनवर बदली ठेवून जातो, आणि परत येईपर्यंत जीव टांगणीला, की बदलीच कायम तर होणार नाही ना. म्हणून तू तीन वर्षं गावी गेला नाहीस. यंदा माणसं जास्तच कमी पडली. मॅनेजरने ठरवलं, आठऐवजी बारा मशीन एकेकाने चालवायची. लग्नसराईपुरतं, म्हणाला. आपण काय कुकुली बाळं होतो? एकदा बारा चालली की पुन्हा आठ कोण करतो?

आपण लारीवर जमलो. तेवीस जण होतो. सगळ्यांनी ठरवलं, नाही म्हणायचं. एकेकाला केबिनमध्ये बोलावतील, एकेकानेच नाही म्हणायचं. मी सगळ्यात जास्त बोललो, ते तू पाहिलंस. माझे ओठ वाचून तू हाताने शाबासकी दिलीस. जुना कारीगर म्हणून आधी तुला बोलावतील हे आपल्याला माहीत होतं. मी तुला म्हटलं, तू नाही म्हणालास की पुढचं सोपं आहे.

तू केबिनमध्ये गेलास. काचेतून आम्ही सगळे बघत होतो. मॅनेजर काहीतरी बोलला. तू मान हलवलीस. वरखाली. दोनदा.

अर्ध्या तासात मास्टर खडू घेऊन फिरला आणि बारा-बारा मशीनवर खुणा करून गेला. बाकी कुणाला केबिनमध्ये बोलावलंसुद्धा नाही. हिलाल हो म्हणाला, मग तुम्हाला काय धाड भरली?

मला जो राग आला, तसा राग मला माझ्या सख्ख्या भावाचाही कधी आला नाही. तू बाहेर आलास तेव्हा तुझ्या तोंडावर गोंधळ होता. मला वाटलं, शरम आहे. तू खिशाला बोट लावून मला बोलावलंस. मी वळून मशीनकडे गेलो.

मग बारा मशीन सुरू झाली आणि अबोला टिकवणं आणखी सोपं झालं. आठ मशीनवर मान वर करायला सवड असते. बारावर नाही. एक धागा बांधेपर्यंत तीन तुटतात. खिडक्या बंद, कारण वाऱ्याने धागा हलतो. पत्र्याखाली ते ऊन, अंगाला चिकटणारा सुताचा भुसा, आणि पळापळ. मूत्रीला जायचं तर धावत. पाणी प्यायला एकाने दुसऱ्याची चार मशीन बघायची, तर त्याची स्वतःचीच बारा. तू पन्नाशीचा माणूस, तुझे गुडघे सुजलेले मला दिसायचे. मला वाटायचं, भोग आता. असं मला वाटायचं, हे मी लिहून ठेवतो. लपवून काय करू?

तू रोज प्रयत्न केलास. तिसऱ्या दिवशी लारीवर माझ्यासमोर येऊन उभा राहिलास, मी पेपर तोंडापुढे धरला. पाचव्या दिवशी तू माझ्यासाठी चहा सांगितलास, मी तो दुसऱ्याला दिला. संध्याकाळी पाळी सुटली की मी पुलावरून जायला लागलो. माझे पाय तेवढे वळसा घ्यायला तयार झाले! रूळ तू एकटा ओलांडत होतास आणि ते मला माहीत होतं. मी मनाची समजूत घातली, एवढा शहाणा आहे ना, बघेल डावीउजवीकडे.

नवव्या दिवशी पाळी सुटायच्या वेळी तू माझ्या मशीनच्या ओळीच्या तोंडाशी आलास. हात वर केलास, चल. मी पाहिलं. मग मी बीममागे वाकलो. धागा तुटलेला नव्हता. मी नुसताच वाकलो होतो. बीमखालून मला तुझी चप्पल दिसत होती. बराच वेळ ती तिथेच होती. रात पाळीवाला माझ्या मशीनवर आला, त्याने मला थोपटलं, तरी मी उठलो नाही. मग चप्पल गेली.

मी पुलावर होतो तेव्हा शिट्टी ऐकू आली. लांबलचक, न थांबणारी. माझाही उजवा कान गेल्यातच जमा आहे, पण डाव्याने ऐकली. अजून उजेड होता. मी मनात म्हटलं, कुणाची तरी म्हैस आडवी आली असेल.

त्यानंतर जे झालं ते तुला सांगण्यात अर्थ नाही. सेठचा निरोप आला की पाळी सुटल्यावर, फाटकाबाहेर झालंय, कारखान्याचा संबंध नाही. आणि कारखान्याच्या कुठल्याच कागदावर तुझं नाव नव्हतं, म्हणजे त्यांच्या हिशेबाने तू तिथे कधी नव्हतासच. पंचनाम्याला आलेल्यांनी विचारलं, गाडीने एवढी शिट्टी दिली तरी हा माणूस चालतच कसा राहिला? गल्लीतल्या लोकांनी उत्तर तयारच ठेवलं होतं. मुद्दाम. जिवाला कंटाळला असेल.

तुझ्या दहाव्याला तापीवरून परत आल्यावर वहिनी मला म्हणाल्या, भाऊ, जराखं आत या. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. डोळे कोरडे होते.

"भाऊ, गाडीनी शिट्टी आख्खा नवागामले आयकू उनी. त्यासलेच काबर नही उनी?"

मी खाली बघितलं.

"तो दिन सकाळे मी त्यासले तीन डाव इचारं, भाचीना लगीनले जावानं का नही. त्या बोलनाच नहीत. डबा उचलना नि निंघनात. मन्हं डोकं फिरनं. मी मांगून बोलनू, जाय, मर एकदाना. खरं सांगा भाऊ. मन्हामुळेच ना?"

हिलाल, मी तेव्हा बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण तुझी शपथ आडवी आली. नाही, हेही अर्धंच खरं आहे. वहिनीला सांगितलं की तू बहिरा होतास, तर पुढचा प्रश्न माझ्यासाठीच होता. आणि ते फुटलं की मॅनेजर एकेकाला अंगणात उभं करून मागून बोलावणार, माझा उजवा कान कुठे लपवू? मी म्हटलं, वहिनी, असं मनात आणू नका. आणि चप्पल घालून निघालो. तुझी वहिनी, म्हणजे माझी बायको, सांगत होती की त्या दिवसापासून त्या जेवत नाहीत. ताटावर बसतात आणि उठतात.

हे असंच चाललं असतं. मी स्वतःला ओळखतो. पण चार दिवसांपूर्वी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं.

मी पहिल्यांदाच आत गेलो त्या केबिनमध्ये. बाहेर लूमचा खडखडाट, आत एसीची घरघर. मॅनेजर फोनवर बोलत होता. फोन खांद्यात धरूनच माझ्याकडे वळला आणि काहीतरी बोलला. गाल माव्याने भरलेला. तोंडातलं बाहेर येऊ नये म्हणून ओठ आवळलेले, शिवाय हनुवटीपाशी रुमाल. मला एक शब्द कळला नाही. मी थोडा पुढे झालो. तो पुन्हा बोलला, कपाळाला आठी घालून. मला वाटलं, तिसऱ्यांदा विचारलं तर याला कळेल.

मी मान हलवली. वरखाली. दोनदा.

बाहेर आल्यावर मास्टरने हाताने विचारलं, रात पाळी कायमची घेतलीस? तेव्हा मला कळलं की मी कशाला हो म्हणालो.

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. हिलाल, तुला काय विचारलं ते तुला कळलंच नव्हतं. तू ओठ वाचायला गेलास आणि तिथे ओठच नव्हते. तेवीस जण काचेतून बघत होते आणि तुला एवढंच दिसत होतं की समोरचा माणूस उत्तराची वाट बघतोय. बाहेर आलास तेव्हा तुझ्या तोंडावर शरम नव्हती, तू मला विचारायला येत होतास, ‘मी कशाला हो म्हणालो?’ आणि अंगणात, सगळ्यांसमोर, तोंडाने ते सांगता येत नव्हतं. फक्त मला, फक्त हातांनी सांगता येत होतं. गाल फुगवला असतास, ओठांवर हात ठेवला असतास, मला तेवढ्यात सगळं कळलं असतं. मी मान वर केली असती तर. नऊ दिवसांत एकदा. तुझं बहिरेपण माहीत असलेला जगात मी एकटा माणूस, आणि मीच तुझ्यावर असा चिडलो होतो, जणू तुला सगळं ऐकू येतं.

मला तुझी माफी मागायची आहे. मागतोही. पण ती आता कुठे पोचणार? म्हणून मी ठरवलं, जिथे पोचेल तिथे तरी जावं.

रात पाळीमुळे आता सकाळ मोकळी असते. आज दहा वाजता तुझ्या घरी गेलो. वहिनी साड्यांचे धागे कापत बसल्या होत्या. शेजारच्या ठेकेदाराकडून बंडल आणायला सुरुवात केली आहे. मांडीवर साडी, हातात छोटी कात्री. मला बघून उठायला लागल्या, मी बसा म्हटलं आणि समोर जमिनीवरच बसलो.

मी त्यांना सांगितलं. आडवळण घेतलं नाही. हिलालला ऐकू येत नव्हतं, वहिनी. चार वर्षं झाली. गाडीची शिट्टी त्याला ऐकू आली नाही. तो मुद्दाम गेला नाही.

"माले माहीत शे, जराखं कमी आयकू ये..."

मी म्हटलं, जरासं नाही. काहीच नाही. तो तोंडाकडे पाहून ओळखायचा.

कात्री हातातच राहिली. मग एकदम त्यांना काहीतरी आठवलं.

"म्हनीसन त्या मी बोलनू का मन्हा तोंडकडे देखत बसेत. मी म्हनू, पोरीसना लगीन व्हयी गयात, तरी ह्या मानूसले अजून बायकोनं तोंड देखानी हौस." त्यांना हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू आलं. "आनि मी भांडू, का पाठ फिरनी का हू म्हनत नहीत. चार वरीस भांडनू मी, भाऊ. काबर नही सांगं कोणी माले?"

मी म्हटलं, त्याने शपथ घातली होती. आणि मी भित्रा आहे.

त्या रडल्या. दहाव्याला न आलेलं सगळं आलं. मग पदराने तोंड पुसून त्यांनी विचारलं, इतक्या हळू की मला पुढे वाकून त्यांचे ओठ बघावे लागले.

"मंग तो दिननं... मी मांगून जे बोलनू ते?"

मी म्हटलं, पाठ होती ना त्याची? नाही ऐकलं. एक अक्षर नाही. त्याला तुम्ही लग्नाचं विचारलंत हेही कळलं नव्हतं.

त्यांनी डोळे मिटले. हिलाल, माणसाच्या खांद्यावरून काहीतरी उतरताना मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. त्याच क्षणी उठून निघून गेलो असतो तर चांगला माणूस म्हणून गेलो असतो. तसा मोह झाला. पण मी बसून राहिलो, कारण मला माहीत होतं की आता त्या विचारणार.

"तुम्ही तं रोज संगे येत. तो दिन कोठे व्हतात?"

मी सगळं सांगितलं. लारीवरची बैठक, तुझी मान, बारा मशीन. म्हटलं, नऊ दिवस मी त्याच्याकडे बघितलं नाही. शेवटच्या दिवशी तो मला न्यायला आला होता आणि मी बीममागे लपलो. तो उभा होता, मला त्याची चप्पल दिसत होती.

वहिनी रागावल्या नाहीत. मला वाटलं होतं त्या ओरडतील, घराबाहेर काढतील, मला ते चाललं असतं. त्यांनी मांडीवरची साडी बाजूला ठेवली. माझ्याकडे पाहिलं, आणि मला नीट कळावं म्हणून एकेक शब्द सावकाश बोलल्या.

"मन्हा राग त्यासले आयकूच नही उना, भाऊ. तुम्हना मात्र दिसना."